पाऊस आल्यावर राब भाजता येत नाही

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

यंदाही आपला कबड्डीचा संघ हरला. विभागीय आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मध्यंतराला आपण १७-१३ असे पुढे होतो आणि शेवटची शिटी वाजली तेव्हा फलकावर २९-३३ असे आकडे होते. शेवटच्या पाच मिनिटांत आपल्यावर लोण चढला आणि तेथेच सामना गेला.

परतीच्या डहाणू लोकलमध्ये विरारपर्यंत कोणी बोलले नाही. विरार सुटले आणि सगळ्यांची तोंडे सुटली. पालघर येईपर्यंत सरांची, बोईसर येईपर्यंत कप्तानाची आणि वाणगाव येईपर्यंत राखीव खेळाडूंची खरडपट्टी काढून झाली. डहाणू रोडला उतरलो तेव्हा संघाची धुलाई करण्यासारखे काही उरलेले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तोच विषय पुन्हा निघाला आणि पुढे पंधरा दिवस पुरला.

या पंधरा दिवसांत महाविद्यालयात तीन पक्ष तयार झाले. पहिला पक्ष म्हणतो, “सर बदला. डावपेच नाहीत, बदली खेळाडू वेळेवर उतरवत नाहीत.” दुसरा पक्ष म्हणतो, “सर काय करतील? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आपल्या पोरांत दमच नाही.” तिसरा पक्ष स्वतःला व्यवहारी समजतो. त्याचे म्हणणे असे की मुंबई-ठाण्याच्या मंडळांतून दोन-तीन तयार चढाईपटू आणावेत, त्यांना येथे प्रवेश द्यावा आणि करंडक घरी आणावा. शिवाय बंदरपट्टीच्या मुलांना झुकते माप मिळते की जंगलपट्टीच्या, ही कुजबुज आहेच. ती प्रत्येक पराभवानंतर होते आणि प्रत्येक विजयानंतर बंद पडते, म्हणून तिच्यात फारसा अर्थ नसावा असे मला वाटते.

मी पहिल्या पक्षात होते, हे आधीच कबूल करते. इतकेच नव्हे, तर सर्वांत मोठा आवाज माझाच होता. त्याला एक कारणही होते. माझा धाकटा चुलतभाऊ यंदा प्रथम वर्षात आला आणि बारा जणांच्या संघात निवडला गेला. आमच्या पाड्याच्या सामन्यांत घोट्याची पकड करावी तर त्यानेच. उजव्या कोपऱ्यावर तो उभा असला की चढाई करणारा निदान रेषा ओलांडण्यापूर्वी दोनदा विचार करतो. आपला उजवा कोपरारक्षक दुखऱ्या गुडघ्याने लंगडत खेळत होता, तेव्हासुद्धा हा मात्र बाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला होता. मग मला राग येणार नाही तर काय?

त्याच रागाच्या भरात मी सरांकडे गेले आणि सराव किती दिवस झाला, असे विचारले. विचारण्याची पद्धत चांगली नव्हती, हे आज कळते. सरांनी उत्तर दिले नाही. कपाटातून सरावाच्या हजेरीची वही काढली आणि माझ्या हातात ठेवली.

ती वही मी रात्री घरी बसून मोजली. जुलैच्या पहिल्या दिवसापासून सामन्यापर्यंत महाविद्यालय उघडे होते असे दिवस ५२. त्यांपैकी सराव झाला २३ दिवस. बाराही खेळाडू हजर होते असे दिवस फक्त ४. समोर सरांच्या अक्षरात कारणे लिहिलेली होती. ‘मैदानात पाणी’, ‘आवणीसाठी गावी’, ‘चाचणी परीक्षा’, ‘एस.टी. लवकर’. वहीतील निम्मे रकाने या चार कारणांनी भरले होते.

आपल्याकडचा पाऊस कोणाला सांगायला नको. कबड्डीचा हंगाम नेमका जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि त्याच दिवसांत आपले मातीचे मैदान म्हणजे चिखलाचे खाचर झालेले असते. त्याच दिवसांत भाताची आवणी असते. तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवर ज्या घरी चार हात आहेत, तेथे चारही हात शेतात लागतात. मुलगा कॉलेजात गेला म्हणून त्याचे हात घरच्यांनी वजा करायचे का? आणि जो उरलासुरला सराव मातीवर होतो, त्यानंतर सामना होतो मॅटवर. मॅटवर बूट लागतात, पाय वेगळा पडतो, वळताना घोट्यावर वेगळा भार येतो. आपल्या तीन खेळाडूंनी त्या दिवशी दुसऱ्यांचे बूट मागून घातले होते. चढाईत त्यांचे पाय अडखळले, तेव्हा आपण बाकांवरून त्यांना शिव्या घातल्या.

हे सर्व कळल्यावर मी पहिला पक्ष सोडला. पण दुसऱ्यात गेले नाही. का, ते सांगते.

२०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत आपल्या देशाचा महिला कबड्डी संघ अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा हरला. आदल्याच दिवशी पुरुषांचा संघ उपांत्य सामन्यात इराणकडूनच हरला होता. कबड्डी आपली आणि सुवर्णपदक दुसऱ्याचे! देशभर आरडाओरडा झाला. पण त्या विजयी इराणी मुलींना शिकवणारी बाई कोण होती? आपल्या महाराष्ट्रातल्या, नाशिकच्या शैलजा जैन. भारतीय संघाला शिकवण्याची त्यांची इच्छा होती. ती संधी मिळाली नाही, तेव्हा त्या इराणला गेल्या. मुलींशी बोलता यावे म्हणून फारसी शिकल्या. सरावात योगासने व प्राणायाम आणला.

सर बदलण्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण ऐकून टाळ्या वाजवतील. परंतु त्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. याच इराणी मुली २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेतही अंतिम सामन्यात होत्या आणि तेव्हा आपल्याकडून ३१-२१ अशा हरल्या होत्या. म्हणजे त्यांचा संघ अनेक वर्षे घडत होता. शैलजाबाईंच्या हाती आला तो तयार होत आलेला संघ, आणि त्यांनी त्याला उरलेले चार पैलू पाडले. चांगला प्रशिक्षक असून संघ घडलेला नसता तर ते सुवर्ण आले नसते आणि घडलेला संघ असून त्यांच्यासारखी शिक्षिका नसती तरी कदाचित आले नसते. पुढे २०२३ मध्ये हांगचौ येथे आपल्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी सुवर्ण परत मिळवले, तेही काही केवळ ओरडून मिळाले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. कविता राऊत ही नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची आदिवासी मुलगी. आपल्या मोखाडा-जव्हारच्या डोंगरापलीकडचाच तो मुलूख. शाळेत असताना ती अनवाणी धावत असे. आपल्याकडे अनवाणी धावणाऱ्या मुली काय थोड्या आहेत? पाण्याच्या हंड्यामागे आणि गुरांमागे त्या रोजच धावतात. फरक एवढाच की तिचे धावणे विजेंद्रसिंग या प्रशिक्षकांच्या दृष्टीस पडले आणि तिला नाशिकला त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे सराव करता आला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. दम सावरपाड्यातच होता. तो वाया गेला नाही, कारण कोणीतरी अनेक वर्षे त्याच्या मागे उभे राहिले. म्हणून “आपल्या पोरांत दम नाही” असे म्हणणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की, आडात पाणी आहे. आपला दोरच आखूड आहे.

तिसऱ्या पक्षासाठी मी जरा लांबचे उदाहरण घेते. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघांचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे आहे. गावेच्या गावे आपापल्या कॉलेजच्या प्रशिक्षकावर वाद घालतात. तेथे जॉन वुडन नावाचे एक प्रशिक्षक होऊन गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या संघाने त्यांच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. हे गृहस्थ नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी काय शिकवीत? पायमोजे कसे घालावेत आणि बुटाची नाडी कशी बांधावी! मोज्याला घडी पडली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की सामना जातो, असा त्यांचा साधा हिशेब. आपल्या उसन्या बुटांची आठवण मला येथे झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वुडन त्या विद्यापीठात आले १९४८ साली आणि पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद आले १९६४ साली. मधली सोळा वर्षे कँटीनमधील आपल्या पहिल्या पक्षाने त्यांना ठेवले असते का?

तयार खेळाडू बाहेरून आणले तर एखादा करंडक येईल, हे मी नाकारत नाही. पण आपला करंडक ठेवण्याचे कपाट आणि आपले महाविद्यालय या दोन गोष्टी कशासाठी आहेत? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले आपणच पहिले. माझे आई-वडील आजही अंगठा उठवतात. मला प्रवेश देताना कोणी म्हणाले नाही की, तयार विद्यार्थिनी मुंबईहून आणू या, निकाल चांगला लागेल. मला येथे घेतले ते घडवण्यासाठी. वर्गात हा नियम आहे, तर मैदानावर दुसरा नियम का असावा?

आता एक आक्षेप माझ्या घरातूनच येतो आणि तो खोडून काढणे सोपे नाही. आई म्हणते, “खेळून पोट भरतंय का? पदवी घे आणि नोकरीला लाग.” आई चुकत नाही. खेळात पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च घरावर येतो, आणि एक वर्ष बुडाले तर आमच्यासारख्यांच्या घरात दुसरे वर्ष मिळेलच असे नाही. खेळाडूंना परीक्षेत मिळणारे वाढीव गुण, सरकारी नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, या गोष्टी आहेत. पण त्या वरच्या पातळीवर पोहोचणाऱ्या थोड्यांनाच मिळतात. सात जणांतल्या सहांना त्यातले काही मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीसुद्धा मी म्हणते की खेळ हवा. कारण माझ्या भावासारखी मुले इंग्रजीच्या तासाला मान वर करत नाहीत, आणि तीच मुले मैदानावर सात जणांची साखळी धरून ठेवतात. महाविद्यालयात अशी एक तरी जागा त्यांना हवी जेथे त्यांचे काहीतरी येते. ती जागा नसली की ती मुले हळूहळू येईनाशी होतात. आपण म्हणतो, “गळती झाली.”

माझ्या भावाचे तसेच झाले. दिवाळीनंतर तो काकांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. दरवर्षी पाड्यावरची निम्मी घरे जातात, त्यात हेही घर. पण तो या वर्षी जाणार नव्हता. माझ्याकडे राहून दुसरे सत्र पुरे करायचे ठरले होते. निघताना तो मला म्हणाला, “ताई, तेथे मला निदान काम तरी सांगतात.” पूर्ण हंगामात, आपण का बसून आहोत आणि काय सुधारले तर आत येऊ, हे त्याला एकानेही सांगितले नव्हते. सरांनी सांगितले नाही, कप्तानाने नाही, आणि त्याच्यासाठी कँटीनमध्ये घसा कोरडा करणाऱ्या बहिणीनेही नाही. मी सर्वांना बोलले, त्याच्याशी बोलले नाही.

म्हणून सरांविषयी आदर ठेवून एक तक्रार मांडते. पाऊस आणि आवणी सरांच्या हाती नाही. त्यांच्याकडे क्रीडा विभागाखेरीज आणखी तीन समित्या आहेत, हेही मला आता ठाऊक आहे. पण ज्या २३ दिवशी सराव झाला त्या प्रत्येक दिवशी वहीत एकच नोंद आहे: ‘सामना खेळविला’. पहिले सात विरुद्ध उरलेले पाच. म्हणजे पहिले सात खेळत राहिले आणि उरलेले पाच हरत राहिले. पकड कशी करावी, तिसऱ्या चढाईला काय करावे, पाय कसा काढून घ्यावा, हे सुटे सुटे शिकवल्याची नोंद नाही. तृतीय वर्षाचे खेळाडू जातात तेव्हा त्यांच्याबरोबर संघही जातो आणि पुढच्या जुलैत आपण पुन्हा शून्यावर येतो. पाच सामने जिंकण्यासाठी प्रथम वर्षाच्या मुलाला आत घेणे धोक्याचे, हे मान्य. पण पाच सामन्यांपैकी एका सामन्याची शेवटची दहा मिनिटे त्याला दिल्याने किती नुकसान होणार होते?

मग करावे काय? आपल्याच तालुक्यात याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव आपण शिक्षणाच्या इतिहासात वाचतो आणि दोन गुणांसाठी पाठ करतो. खेळाडू आवणीला गेला म्हणून मैदानावर येत नसेल, तर सरावाने त्याच्या पाड्यावर जायला काय हरकत आहे? तलासरीकडचे पाच जण एका पाड्यावर, डहाणूकडचे सात जण दुसरीकडे, संध्याकाळी एक तास, गावच्या मंडळाच्या अंगणात. गावोगावी जुने कसलेले खेळाडू आहेत. त्यांना मानाने बोलावले तर ते कशाला नाही म्हणतील?

दुसरे, खरा सराव जानेवारी ते मार्च या काळात व्हावा. तेव्हा मैदान कोरडे असते. वीटभट्टीवर न गेलेले सर्वजण येथे असतात आणि एखादा मुलगा केवळ या सरावासाठी थांबेलही. तिसरे, प्रत्येक खेळाडूची एक वही असावी आणि तिच्यात त्याला काय जमते व काय जमत नाही हे महिन्यातून एकदा लिहावे आणि त्याला वाचून दाखवावे. याला पैसा लागत नाही. चौथे, मुलींचा संघ. यंदा त्यांचा सामना झाला हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तीनही पक्षांतील एकही वक्ता तेथे हजर नव्हता. त्यात मीही आले.

आणि आपण प्रेक्षकांनी काय करावे? २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून आपण सगळे मोबाइलवर सामने पाहून पंडित झालो आहोत. अव्वल पकड कधी करायची, हे आपण चढाई चालू असताना ओरडून सांगतो. ही विद्या वाया का घालवावी? सामना चालू असताना कोणाच्या किती चढाया रिकाम्या गेल्या, कोणत्या कोपऱ्यातून गुण गेले, हे दोघातिघांनी कागदावर टिपून सरांना दिले तर वादाला निदान आधार तरी येईल. पंधरा दिवसांत कँटीनमध्ये आपण जेवढा चहा प्यायलो, त्या पैशांत संघाला महिनाभर भिजवलेले चणे आणि केळी मिळाली असती.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शेतात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजून ठेवायची, मग पहिल्या पावसात तेथे बी पेरायचे, मग आवण उपटून खाचरात लावायचे. ज्याने राब भाजला नाही, त्याने जुलैत आभाळाला, बैलाला आणि बायकोला कितीही शिव्या दिल्या तरी त्याचे खाचर रिकामेच राहते. पाड्यावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याला हे कळते. आपण मात्र दरवर्षी जुलैत उठतो आणि सप्टेंबरात सर बदलायला निघतो.

असो. वही मी सरांना परत केली, तेव्हा माफीही मागितली. सरांनी माझे सर्व मुद्दे ऐकून घेतले आणि पुढच्या सोमवारपासून दुपारी चार वाजता मैदान खुले ठेवण्याचे कबूल केले. तीन नावे आली आहेत. भावाला मी निरोप धाडला आहे, अजून उत्तर नाही. सोमवारी मी वही घेऊन तेथे उभी असेन. ज्यांनी लोकलमध्ये वाणगावपर्यंत तोंडसुख घेतले, त्यांनी जरूर यावे.